कायमचं परदेशी जाण्याआधी घर आवरताना

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचते आहे, मधूनमधून प्रतिसादही देते. धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे. विषय आमच्या घरातला आहे, पण इथल्या अनेकांच्या घरी तो आज ना उद्या येणारच, म्हणून लिहिते.

आम्ही दोघं वाईत राहतो, गंगापुरीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दोघंही निवृत्त. एकुलती एक लेक अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात रॅलीजवळ. ती तिथली नागरिक झाली आणि तिने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. नागरिक असलेल्या मुलाचं किंवा मुलीचं वय २१ च्या पुढे असलं की आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि भावंडांसाठीच्या अर्जाला जशी वर्षानुवर्षांची रांग असते तशी इथे नसते. आईचा एक, वडिलांचा एक, असे दोन वेगळे अर्ज. कागद सरकत गेले, पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखला आला, मुंबईत वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत झाली, व्हिसा हातात पडला. त्याची मुदत साधारण सहा महिन्यांची असते. तेवढ्यात तिथे पोचायचं.

नातेवाइकांत "लेकीकडे जाऊन राहणार का?" असं अजूनही विचारलं जातं. हो, राहणार. त्याबद्दल आम्हा दोघांच्या मनात किंतु नाही.

घराला कुलूप लावून जायचं नाही, हे मात्र आम्ही आधीच ठरवलं होतं. वाड्यातल्या आमच्या हिश्श्याचं धाकट्या दिरांच्या नावे हक्कसोडपत्र केलं, दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवलंही. ते कुटुंब वाड्यातच राहतं, घर वापरतं राहील.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, सामान काय काय नेणार? माणशी दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलोच्या. त्यामुळे काय न्यायचं हा प्रश्न लवकर मिटतो. आमचा वेळ गेला तो कोणाला काय द्यायचं यात. आणि वस्तूंपेक्षाही जास्त वेळ गेला तो आजवर आपण सांभाळलेली कामं दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात.

उदाहरणार्थ देव. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. देव्हाऱ्यात खंडोबाचा आणि तुळजाभवानीचा असे चांदीचे टाक आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंच्याही आधीपासूनचे. इतक्या पिढ्यांनी घासले आहेत की खंडोबाचं नाक-डोळे जवळजवळ सपाट झालेत. घोड्याचे पाय आणि हातातली तलवार बोटाला लागते, तेवढीच खूण. हे टाक जावेकडे जाणार हे उघड होतं. पण नुसते टाक देऊन कुळाचार जात नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला दिवा कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, माळ रोज वाढवायची की बदलायची, चंपाषष्ठीला तळी भरताना ताम्हणात काय काय लागतं, रोडगे बाजरीचेच का आणि भरीत नव्या वांग्याचं का, नैवेद्याचा पहिला घास कोणासाठी काढायचा, हे सगळं माझ्या हातात होतं, डोक्यातही नव्हतं. जावेने विचारलं की मला सांगता यायचं नाही. हात करायला लागला की आठवायचं. मग आम्ही दोघींनी मिळून गेल्या वर्षीचं खंडोबाचं नवरात्र केलं. करणार ती, बसणार मी. मी बोलत गेले आणि तिच्या मुलीने वहीत लिहून घेतलं. कुठे मी "असंच असतं" म्हणाले की ती पोर पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, "काकू, असंच म्हणजे कसं?" त्या वहीत आज जे आहे ते आमच्या घरात यापूर्वी कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मात्र माझ्याबरोबर येणार. लग्नात माहेरहून माझ्याबरोबर आले होते, माझ्याबरोबरच निघतील.

दुसरी गोष्ट यांच्या हत्यारांच्या पेटीची. रिंग पाने, डबल एंडेड पाने, कानशी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्या), सगळं घरात डिझेलच्या फडक्याने पुसून ठेवलेलं. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला तेव्हा हे काही न बोलता आत गेले. पाचगणी रस्त्याला एक मुलगा गॅरेज चालवतो, त्याला बोलावलं. तो टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) कानाने ऐकून सेट करायचा. यांनी त्याला दारातच स्कूटर उघडायला लावली, फीलर गेजची पाती हातात दिली आणि पाती किती अडखळली म्हणजे बरोबर, ते त्याच्या बोटांना कळेपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावलं. संध्याकाळी पेटी त्याच्या गाडीवर बांधून दिली. त्या रात्री यांना शांत झोप लागली. कागदपत्रं सुरू झाल्यापासून तशी लागत नव्हती.

माझं सांगणं एवढंच आहे: द्यायचंच आहे तर आपण हिंडतेफिरते असताना, घेणाऱ्याला समोर बसवून, वापर समजावून द्यावं. मागे राहिलेल्यांनी पोती भरून बाहेर काढण्यापेक्षा हे फार वेगळं आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

अजून काही गोष्टी अडल्यात. पुस्तकं (कपाटभर), एक ट्रंक जुने कागद (त्यात मोडीतलेही आहेत), आणि फोटो. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

वाचनवेडा

फार आतून लिहिलंय ताई. टाकांचं वाचून आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकांवरून बोट फिरवून आलो.

पुस्तकांचं सांगतो, कारण मी वडिलांची पुस्तकं वाटली आहेत. ग्रंथालयाच्या दारात खोकी नेऊन ठेवू नका. आधी यादी करा: पुस्तक, लेखक, आवृत्तीचं वर्ष. मग ती यादी पाठवून विचारा. ग्रंथालयांकडे लोकप्रिय कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती असतात, त्यांना त्या नको असतात. पण जुनी मासिकं, दिवाळी अंकांचे सलग संच, गावाचे नाहीतर संस्थांचे छापील अहवाल, शताब्दी-स्मरणिका, हे त्यांना हवं असतं आणि आपण नेमकं तेच रद्दीत घालतो. तुम्हाला भिलार जवळ आहे. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं ते. तिथेही विचारून बघा.

मोडी कागद मात्र घाईने कोणाला देऊ नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, त्यांचं कामच हे. आणि प्राज्ञपाठशाळा तर तुमच्या वाईतच. कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, घडी उलगडताना तुटत असेल तर उलगडू नका, आणि ट्रंकेत कोणत्या क्रमाने होते तो क्रम मोडू नका. क्रमावरून वाचणाऱ्याला बरंच कळतं.

एरंडवणेकर

तुमचं लिखाण आवडलं, तरी मी स्पष्ट विरोधी मत देणार आहे. राग मानू नका.

आम्ही दोघं मुलाकडे डॅलसजवळ राहायला गेलो होतो. ग्रीन कार्डावरच, कायमचे म्हणून. दोनेक वर्षांत परत आलो. मुलगा-सून दोघंही चांगली आहेत, भांडण काही नाही. पण सकाळी साडेआठला घर रिकामं व्हायचं आणि संध्याकाळी सहापर्यंत आम्ही दोघं आणि घड्याळ. पायी जाण्यासारखं एकही दुकान नाही, उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही. इथे मी दूध आणायला निघालो की वाटेत पाच माणसांशी बोलून येतो. तिथे बोलण्यासाठी कोणीतरी गाडीने सोडावं लागे. हिला गुडघ्याचा त्रास सुरू झाला आणि तेव्हा विम्याचं गणित कळलं. ६५ च्या पुढचे असलो तरी ग्रीन कार्डवाल्यांना सलग पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय मेडिकेअर (तिथल्या सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) मिळत नाही. तोवर विमा आपला आपण घ्यायचा. आणि पाच वर्षांनंतरही, तिथे नोकरी करून कर भरलेला नसल्यामुळे रुग्णालयाच्या भागासाठीही हप्ता भरावा लागतो, महिन्याला माणशी पाचशे डॉलरच्या वर. इतर भागाचे वेगळे.

आमचा फ्लॅट इथे होता म्हणून आम्ही परत येऊ शकलो. नसता तर? तुम्ही हक्कसोडपत्र करून परतीचे दोर कापले आहेत. सूर्याजीने दोर कापले ते लढाईत. निवृत्तीत कशाला? निदान दोन वर्षं राहून बघायचं आणि मग घर सोडायचं.

आणखी एक. वर्षापेक्षा जास्त काळ भारतात येऊन राहणार असाल तर निघण्याआधी तिथेच असताना री-एंट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज करा. भारतात आल्यावर तो करता येत नाही. नाहीतर परत जाताना विमानतळावर ग्रीन कार्डाचाच प्रश्न उभा राहतो. आमच्या ओळखीत झालंय.

देवरुखकर

एरंडवणेकर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण पुण्यातला फ्लॅट आणि गावातलं घर यांत फरक आहे. फ्लॅटला कुलूप लावलं तर तीन वर्षांनी धूळ झाडून राहता येतं. आमच्या कोकणात येऊन बघा. आमच्या वाडीत अर्ध्या घरांना कुलपं आहेत. पहिल्या पावसाळ्यात एखादं कौल सरकतं आणि ते सरकलंय हे कोणाला कळत नाही. दुसऱ्या पावसात वासा भिजतो. मग वाळवी. तिसऱ्या पावसानंतर भिंतीचा मातीचा भाग ढासळतो. घरात चूल पेटत असली की धुरामुळे लाकूड टिकतं, माणूस वावरत असला की सरकलेलं कौल त्याच दिवशी बसवलं जातं. मालक मुंबईहून गणपतीला येतात तेव्हा आधी दोन दिवस जळमटं काढण्यात जातात, आणि पुढच्या वर्षी येणं टाळतात.

ताईंनी घर राहत्या माणसाच्या हाती दिलं ते योग्यच केलं. परतीची सोय हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर घराबाहेरही शोधता येतं.

कृष्णाकाठ

वाचनवेडा, यादी करायला घेतली. स्मरणिकांचं तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, कृष्णाबाई उत्सवाच्या जुन्या पत्रिका आणि एका शाळेची शताब्दी-स्मरणिका मी रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवली होती. बाहेर काढली.

एरंडवणेकर, राग कसला? तुमचा प्रतिसाद यांना मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघांनी यावर खूप बोलून घेतलंय, म्हणून आमची बाजू सांगते.

परत यावं लागलं तर वाड्यात येणार नाही, हे आम्ही दिरांनाही सांगितलंय. दिलं ते दिलं. "वरची खोली तुमचीच" असं ते म्हणाले, मनापासून म्हणाले, पण आमची सामानाने भरलेली एक बंद खोली वर ठेवून त्यांनी खाली राहायचं, हे आम्हाला नको होतं. तसं केलं असतं तर घर त्यांचं झालंच नसतं. आम्हा दोघांची पेन्शन आहे. एकाची पेन्शन भारतातच खात्यावर साठत राहणार, तिला हात लावायचा नाही. परतलो तर त्यातून वाईत नाहीतर साताऱ्यात भाड्याने राहू. म्हणजे दोर आहे, फक्त तो वाड्याला बांधलेला नाही.

दिवसभराच्या एकटेपणाचं तुम्ही लिहिलंत ते मात्र मनाला लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लेकीच्या घरापासून ग्रंथालय आणि एक बाग पायी जाण्यासारखी आहे एवढं मागच्या वेळी पाहून आले होते, आणि घर घेताना तिने ते मुद्दाम बघितलं होतं.

हिशेबी

मी कर सल्लागार आहे. इथे सगळे भावनेवर बोलत आहेत तेव्हा कागदाचं थोडं लिहितो, कारण क्रम चुकला की पैसे जातात.

घर विकायचं असेल (ताईंनी नाही विकलं, पण वाचणाऱ्यांसाठी) तर शक्यतो जाण्याआधी, निवासी असताना विका. निवासी माणसाचं घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला विकलं तर घेणारा १ टक्का कर कापतो. तेच अनिवासी झाल्यावर विकलं तर घेणाऱ्याला दीर्घ मुदतीच्या नफ्यावरच्या १२.५ टक्के दराने, वर अधिभार आणि उपकर धरून कापावं लागतं, आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणला नसेल तर व्यवहारात ते पूर्ण किमतीवर कापलं जातं. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून, थांबून. शिवाय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्के की न लावता १२.५ टक्के, ही निवड फक्त निवासींना आहे. जुन्या घरात या निवडीने मोठा फरक पडू शकतो. आणि एकदा तिथले करनिवासी झालात की अमेरिका तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर बघते, म्हणजे भारतातला विक्रीचा नफा तिथेही दाखवायचा.

बचत खातं जाताना एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. कायमचं जाणाऱ्याने साधं खातं तसंच चालू ठेवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर तिथे दरवर्षी त्याची माहिती भरावी लागते, कर नसला तरी. हे बहुतेक ज्येष्ठांना कोणी सांगतच नाही. म्युच्युअल फंड असतील तर जाण्याआधी तिथल्या कर सल्लागाराशी बोला, अमेरिकेत भारतीय फंडांवरचे नियम फार किचकट आहेत.

मृत्युपत्र इथेच करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान घ्या.

आणि मोबाइल नंबर! भारतातला नंबर बंद पडला की बँकेचा ओटीपी नाही, आधारचा नाही, पेन्शनचा नाही. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्ज कधीही चुकवू नका.

सातारकर_पेन्शनर

हिशेबींना पुरवणी. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नका. जीवन प्रमाण अॅपवर चेहरा दाखवून तो घरबसल्या करता येतो, दूतावासातूनही होतो. पण निघण्याआधी इथे असतानाच एकदा त्या अॅपवर सराव करून घ्या, म्हणजे काही अडलं तर कोषागारात जाऊन विचारता येईल. गॅस कनेक्शन परत करा, अनामत मिळते. दातांची सगळी कामं इथे उरकून जा. तिथे मेडिकेअर मिळालं तरी दातांचे नेहमीचे उपचार त्यात नसतात.

पूर्वेचा_वारा

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे लेक. न्यू जर्सीत राहते. माझे आईबाबा इथे येऊन आता काही वर्षं झाली. एरंडवणेकर काकांनी लिहिलेली दुपार मी आईच्या चेहऱ्यावर पाहिली आहे, म्हणून लिहिते.

आई आली तेव्हा मी तिच्यासाठी खोली सजवून ठेवली होती. नवीन पलंग, पडदे, सगळं. ती त्या खोलीत महिनोन् महिने पाहुण्यासारखी राहिली. बॅग पूर्ण रिकामी केलीच नाही. फरक पडला तो स्वयंपाकघराचा एक ओटा तिला दिल्यावर. "दिल्यावर" म्हणजे मी तिथलं माझं सगळं उचललं आणि पुन्हा त्या कप्प्यांना हात लावला नाही. मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा हे तिने ठरवलं. मला मीठ सापडत नाही, मी तिला विचारते. त्या दिवसापासून ती या घरात राहते आहे असं मला वाटतं.

कृष्णाकाठ काकू, तुम्ही तिकडची कामं जितक्या मनापासून सोपवली आहेत, तितक्याच स्पष्टपणे लेकीकडून इथलं एखादं काम मागून घ्या. मदत म्हणून नको, काम म्हणून. आम्ही मुलं "तुम्ही आता आराम करा" असं म्हणतो ते प्रेमाने म्हणतो, पण त्याने तुमच्या हाताशी काहीच उरत नाही हे आम्हाला कळत नाही.

बाबांचं उत्तर मराठी शाळा ठरलं. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात आणि त्यांना शिकवणारी माणसं कायम कमी पडतात. तुम्ही तर शिक्षिका! तुमच्या भागातल्या मंडळाला आत्ताच लिहा, तिकीट काढण्याआधी.

हरिपूर

फोटोंचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुमच्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगलीजवळ आमचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं ते वरच्या फळीपर्यंत. भांडी धुतली, कपाटं वाळवली, अल्बम मात्र गेले. आईच्या लग्नाचा एकही फोटो आज आमच्याकडे नाही. आहे तो एक मामाच्या घरून मिळालेला, त्यातही आई कडेला अर्धी.

त्यामुळे: आधी सगळे फोटो स्कॅन करा. दुकानात सहाशे डीपीआयवर करायला सांगा, नंतर मोठे करता येतात. चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातून काढून टाका, ते पानच फोटो खातं. निघत नसेल तर ओढू नका, दात साफ करायचा पातळ दोरा फोटोमागून हळूहळू सरकवत नेला की सुटतो. मागे नावं लिहायची ती पेन्सिलीने, हलक्या हाताने, बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि नावं लिहिण्याचं काम कोणातरी म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून करा. कडेला उभी असलेली ती कोण, हे सांगणारं एकच माणूस गावात उरलेलं असतं.

स्कॅनच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरांत. मूळ फोटो वाटून टाका, ज्याचा फोटो त्याच्या घरी.

नीरा_देवघर

ताई, एक विचारू? तुमच्याकडे कामाला कोणी होतं का? माझ्या सासूबाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या तेव्हा घरी वर्षानुवर्षं येणाऱ्या बाईंना शेवटच्या आठवड्यात सांगितलं. त्या बाई कट्ट्यावर बसून राहिल्या होत्या, ते मला अजून दिसतं.

(सासूबाई तात्पुरत्या पालक व्हिसावर आहेत. तिकडे कायमच्या व्हिसाचं शुल्क माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, आणि कमी शुल्काच्या प्रकाराची रांग काही दशकांची. तुमच्या अमेरिकेच्या नियमात आईवडिलांचं बरं आहे म्हणायचं.)

कृष्णाकाठ

नीरा, हो, होत्या. मी ते मुद्दाम पहिल्या लिखाणात घातलं नव्हतं, कारण त्यांचं त्यांनीच सांगावं असं वाटतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून थोडं.

मावशी माझ्या लेकीच्या शाळेपासून घरी येतात. आम्ही अर्ज केला त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं, व्हिसा मिळेल की नाही तेही माहीत नव्हतं तेव्हा. त्या म्हणाल्या, "मग मला आत्ताच दुसरं घर बघावं लागेल, शेवटी कोण देणार?" आणि ते खरंच होतं. मी ओळखीच्या दोन घरी स्वतः घेऊन गेले, पगार काय द्यायचा आणि सुट्ट्या किती ते त्यांच्यासमोर बोलून घेतलं. हळूहळू आमच्याकडचं काम कमी आणि तिकडचं जास्त असं करत नेलं. फ्रिज, पलंग आणि शिलाई मशीन त्यांचं. निवृत्तीची म्हणून एक रक्कम त्यांच्या बँक खात्यात, त्यांच्या मुलाच्या हातात न देता. नोकरी सोडताना मला शाळेने दिली, यांना एसटीने दिली, मग त्यांना का नको? यावर इथे कोणी "इतकं कोण करतं" म्हणेल तर मी वाद घालायला तयार आहे.

पूर्वेचा वारा, तुझा प्रतिसाद लेकीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. तिने मागच्या अंगणातला भाजीचा तुकडा मला देऊ केलाय आणि मी तो घेतलाय. मिरची, वांगी, मेथी. बी इथून आणायचं नाही, तिथेच मिळेल ते घ्यायचं असंही तिने बजावलं. मराठी शाळेला पत्र लिहिलं आहे.

हरिपूर, तुमच्या आईचा तो अर्धा फोटो वाचून पुढचे दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. आमच्या आळीत एक आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांच्याकडे अल्बम घेऊन रोज दुपारी बसते. यांच्या मुंजीच्या फोटोत मागच्या रांगेत एक बाई आहे, ती कोण हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आजींनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ही तुझ्या सासऱ्यांची बालविधवा बहीण, हिने सगळी पोरं वाढवली. मी चार दशकं या घरात आहे आणि तिचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं. आता फोटोच्या मागे आहे, आणि वहीत पितृपक्षाच्या पानावरही लिहिलं.

एरंडवणेकर

वाचतो आहे. पेन्शन साठवण्याचं तुमचं गणित पटलं. माझं मत अजूनही आहे तेच आहे की ज्याला शक्य आहे त्याने दोन वर्षं थांबावं. पण मी जाताना असं काहीच केलं नव्हतं. आम्ही फक्त कुलूप लावलं होतं, त्यामुळे मन सतत त्या कुलपापाशी. तिकडे असताना मी रोज सोसायटीच्या वॉचमनला फोन करायचो. हे आज तुमचं वाचताना लक्षात आलं.

आता आम्ही ऐंशीकडे चाललो. कुठे जाणार नाही, तरी कपाटं तशीच भरलेली आहेत. ती वही कशी केलीत ते जरा सविस्तर सांगाल का? आमच्याकडे बोडण (देवीचा एक कुळाचार) आणि गौरी आहेत, सगळं हिच्या डोक्यात.

वाचनवेडा

+१. मलाही वही हवी आहे.

कृष्णाकाठ

एरंडवणेकर, वहिनींना आधी आठवून सांगायला लावू नका, आठवत नाही आणि मग त्रास होतो. गौरी येतील तेव्हा करताना लिहून घ्या. लिहिणारं माणूस घरातलं सगळ्यात लहान, ज्याला काहीच ठाऊक नाही असं घ्या. मोठी माणसं "ते माहितीये" म्हणून लिहीत नाहीत.

आम्ही प्रत्येक सणाला दोन पानं ठेवली. डाव्या पानावर आदल्या दिवसापासूनची तयारी: बाजारातून काय, किती माणसांना किती डाळ, कुठलं भांडं. उजव्या पानावर त्या दिवसाचा क्रम. खाली थोडी जागा कोरी, ज्याच्या घरी जाईल त्याने आपल्या सोयीने बदल केला तर तो लिहायला. जावेने पहिला बदल लिहिलासुद्धा: पहाटे चारऐवजी सहा. मला चालतं, खंडोबालाही चालेल.

बोडणासाठी काय विचारायचं त्याचे प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने तिच्या आईसाठी काढले होते. तिला विचारून, परवानगी असेल तर, सोमवारी इथेच टंकते.